टिटवीचा कान

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत आणि दवाखान्याच्या केसपेपरवर होतं, तेवढंच. घरीदारी ती टिटवी. हे नाव आजीने ठेवलं होतं, तेही वैतागून. पोरीला साधं पाणी हवं असलं तरी शेजारपाजाऱ्यांना कळायचं, हिला तहान लागली म्हणून. "अगं, मी इथेच बसलेय, डोंगरापलीकडे नाही," आजी म्हणायची. टिटवी तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणायची, "हो आजी."

टिटवीचा मामा शहर बसवर ड्रायव्हर होता. त्याच्या धाकट्या बहिणीची ही एकुलती एक पोर. बहीण गेली तेव्हा टिटवी नुकती चालायला लागून पुन्हा चालायची थांबली होती. मामाने तिला पहिल्यांदा उचलून घेतलं तेव्हा त्याला वाटलं, आपण नुसतं पांघरूणच उचललं की काय. एचआयव्ही तिला आईच्या पोटातूनच आला होता. बहिणीने औषध घेतलं होतं, पण कुणाला कळू नये म्हणून गोळ्यांची डबी लपवता लपवता एक दिवस तिने गोळ्या घेणंच सोडलं. ती गेल्यावर डॉक्टरांनी मामाला बाजूला बोलावून सांगितलं, प्रयत्न करू, पण फार आशा धरू नका.

मामाने आशा धरली नाही. त्याने वेळ धरली. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी औषध, मग ड्यूटी पहाटेची असो की दुपारची. आधी ते कडूजहर पातळ औषध होतं, पोर अर्धं गिळायची आणि अर्धं मामाच्या युनिफॉर्मवर सोडायची. मग थुंकलं तेवढं नव्याने मोजून पाजायचं. आजी डोकं धरायची, मामा हात धरायचा, आणि तिघांच्याही डोळ्यांत पाणी. पुढे गोळ्या आल्या. आणि मग मामाच्या डोळ्यांदेखत जे घडत गेलं त्याचं नवल त्याच्या मनातून कधी गेलं नाही. तोंडातले पांढरे चट्टे गेले. पिंढऱ्या भरल्या. विरळ केस दाट झाले. एके दिवशी तो जिना चढून वर येत होता, तर टिटवी वरून धावत खाली आली आणि त्याच्या पोटावर आदळली. मामा तिथेच पायरीवर बसला. त्याला लागलं म्हणून नव्हे. आदळण्याइतकं वजन पोरीला आलं, म्हणून.

गोळ्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टरने रक्ताचा रिपोर्ट पुढे ठेवून सांगितलं, "व्हायरल लोड सापडतच नाही, मामा. याचा अर्थ विषाणू गेला असा नाही हं. झोपलाय. गोळी चालू आहे तोवर झोपून राहील." त्या दिवशी संध्याकाळी मामाने गोळी तिच्या हातात देण्याआधी स्वतःच्या तळहातावर ठेवली आणि बराच वेळ त्या गोळीकडे बघत राहिला. एवढीशी वस्तू. शर्टाच्या बटणाएवढी.

या सगळ्या आनंदात कान मागे पडले.

टिटवीचे कान वाहायचे. लहानपणापासून वाहायचे, कधी उजवा, कधी डावा, पुष्कळदा दोन्ही. सकाळी उशीला पिवळा डाग आणि एक कुबट वास. आजी कोमट तेल सोडायची, कापसाचा बोळा घालायची आणि म्हणायची, "पोरांचे कान वाहतातच. तुझाही वाहायचा, मेला का तू?" आणि खरंच, जी पोर मरणाच्या दारातून माघारी आली, तिच्या कानांचं कोण काय मनावर घेणार? दवाखान्यात वजन विचारायचे, भूक विचारायचे, गोळी चुकली का विचारायचे. वजन वाढलेलं असायचं, गोळी चुकलेली नसायची. सगळे खूश होऊन घरी यायचे.

तक्रार फक्त शाळेतून यायची. बाईंचं म्हणणं, मुलगी हुशार आहे पण लक्ष ठिकाणावर नसतं. समोर उभं राहून विचारलं तर फटाफट उत्तरं देते, आणि फळ्याकडे तोंड करून काही सांगितलं की वहीत भलतंच लिहून ठेवते. "कानाडोळा करते," बाई म्हणाल्या. आजीने घरी येऊन त्यावर दोन गोष्टी सुनावल्या, त्याही टिटवीने नीट तोंडाकडे बघून ऐकल्या.

मग ती थंडीची सकाळ आली. शाळेला सुट्टी होती आणि टिटवी मामाच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर बसली होती. सुट्टीच्या दिवशी एखादी फेरी ती त्याच्याबरोबर करायची, कंडक्टरला त्याचं कौतुक होतं. मामाच्या डोक्यावर गाडीचा आतला मोठा आरसा होता, त्यात दोघांना एकमेकांची तोंडं दिसायची, आणि गाडी चालवता चालवता मामाच्या गप्पा चालायच्या. त्या दिवशी मामाची दाढ ठणकत होती. म्हणून त्याने मफलर नाकापर्यंत गुंडाळला होता.

"थंडी वाजते का गं?" त्याने विचारलं.

आरशात टिटवी त्याच्याकडेच बघत होती. बोलली काहीच नाही.

"टिटवे, खिडकी लाव."

तिने खिडकी लावली नाही. ती त्याच्याकडे बघतच होती, आणि तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी आली होती, काहीतरी हरवल्यावर येते तशी. रुसली असेल म्हणून मामाने सोडून दिलं. पुढच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर त्याने दाढेला हात लावायला मफलर खाली केला आणि सहज पुटपुटला, "खिडकी लाव म्हटलं." सगळी बस गुरगुरत होती, मागे कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं, आणि मामाचं हे बोलणं त्याचं त्यालाही धड ऐकू आलं नव्हतं. टिटवीने लगेच खिडकी लावली.

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा मामाला कळलं की सिग्नल हिरवा झालाय.

घरी गेल्यावर त्याने कुणाला काही सांगितलं नाही. टिटवी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. तो तिच्या पाठीमागे उभा राहिला आणि रोजच्या आवाजात तिला हाक मारली. ती रंगवत राहिली. त्याने जरा मोठ्याने मारली. मग आणखी मोठ्याने. तेव्हा कुठे तिने मान वर केली, पण ज्या बाजूला तो उभा होता त्या बाजूला नाही, दाराकडे. मामा तिच्या समोर जाऊन उकिडवा बसला. आता त्याने नुसते ओठ हलवले. घशातून आवाज म्हणून काढला नाही.

"कुठला रंग आवडतो तुला?"

"जांभळा," टिटवी मोठ्याने म्हणाली. "तुला माहितीये ना, मामा."

ओट्यापाशी उभी असलेली आजी वळून बघत होती. "ती कुणाशी बोलतेय?" तिने विचारलं. "तू तर गप्पच बसलायस."

पोर बहिरी होत चालली होती, आणि त्याचा पत्ता कुणालाच लागला नव्हता. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. माणसाचे ओठ, गाल, हनुवटी बघून बोलणं ओळखायचं, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं, आणि सगळेच असं ऐकतात अशी तिची समजूत होती. मामाला रडू येत होतं आणि त्याच वेळी तो थक्कही झाला होता. आपल्या घरात, आपल्या ताटात जेवणारी एवढीशी पोर, आणि आतून ही काय चीज आहे याची आपल्याला गंधवार्ता नाही.

सिस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "आम्ही रक्त बघत बसलो," ती म्हणाली. "या मुलांचे कान जास्त दुखतात, लवकर बरे होत नाहीत. गोळ्या सुरू व्हायच्या आधी शरीराला लढायची ताकद नसते ना, तेव्हाच कान खराब होऊन बसतात. मग गोळ्यांनी बाकी सगळं सुधारतं, कानाच्या पडद्याला पडलेलं भोक मात्र तसंच राहतं." तिने मोठ्या इस्पितळातल्या कानाच्या विभागात पाठवलं.

तिथे पहिल्या खेपेला एका तरुण डॉक्टरने केसपेपर वाचला, मग पोरीकडे बघितलं, मग पुन्हा केसपेपर वाचला. थेंब लिहून दिले आणि म्हणाला, अशा केसमध्ये ऑपरेशनच्या फंदात पडण्यात अर्थ नाही, जखम भरायची नाही. मामा मुकाट्याने बाहेर पडला. पण सिस्टर गप्प बसणारी नव्हती. तिने फोन फिरवले, आणि पुढच्या खेपेला ते विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर बसले.

डॉक्टरीणबाई चांगल्या उंच होत्या, खुर्चीत घडी करून बसल्यासारख्या बसायच्या. त्यांनी आधी टिटवीचं रक्त बघितलं. "हिचा रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "माझी साखर तरी वाढलेली असते. भरणार नाही असं कुणी सांगितलं?"

मामाने कुणाचं नाव घेतलं नाही.

त्यांनी टिटवीला आडवं केलं, एका बारीक नळीने कानातला पू ओढून घेतला. टिटवीने मामाचा अंगठा असा आवळला की त्याचं नख पांढरं पडलं. मग एक सळईसारखा कॅमेरा कानाच्या तोंडाशी धरला आणि भिंतीवरच्या टीव्हीवर एक लालसर गुहा दिसायला लागली. ओली, चमकणारी. गुहेच्या टोकाला एक फिकट पडदा होता आणि त्याच्या मधोमध भोक. चांगलं गोल, मोठं.

"हा कानाचा पडदा. आणि हे त्यातून जे पांढरं दिसतंय ना, ते हाड. शरीरातली सगळ्यात लहान हाडं इथे असतात. तांदळाच्या दाण्याहून लहान."

मामाने बसचं इंजिन उघडं पडलेलं बघितलं होतं, गिअरबॉक्स बघितला होता. पण माणसाच्या डोक्याच्या आत, असल्या अंधारात, कुणीतरी दाण्याएवढं हाड बसवून ठेवलंय आणि त्याच्या हलण्यावर सगळं जग ऐकू येतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. तो उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला.

"मामा, तुम्ही मध्ये आलात, मला दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग ऐकण्याची तपासणी झाली. काचेची एक खोली, आत टिटवी कानाला हेडफोन लावून, बाहेर तपासणीवाली बाई. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. टिटवी धडाधड बटण दाबत होती आणि मामाचा जीव भांड्यात पडत होता. पण ती बाई एकदम थांबली, आत गेली आणि टिटवीची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली. पोर काचेतून तिचा खांदा बघत होती. आवाज सोडताना तो हलला की बटण. खुर्ची फिरवल्यावर बटण क्वचितच वाजलं.

"बिलंदर आहे," ती बाई हसून म्हणाली. पण तिचे डोळे हसत नव्हते.

आधी कान कोरडे व्हायला हवे होते. थेंब, कापसाची वात, आणि पाण्याचा एक थेंबही आत नाही. तेलाचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आजीच्या तोंडावर सांगितलं. आजी फणकारली. "माझ्या सासूपासून सोडत आलोय आम्ही." घरी आल्यावर दोन दिवस तिने कानांकडे ढुंकून बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तेलाची वाटी उचलून ठेवली ती ठेवलीच, आणि त्यानंतर पोरीला न्हाऊ घालताना कानात व्हॅसलीन लावलेले बोळे घालून वरून स्वतःच्या दोन्ही तळव्यांनी ते झाकायची. तिसरा हात नाही म्हणून पाणी ओतायला मामाला बोलवायची.

उन्हाळ्यात टिटवीने शेजारच्या पोरींबरोबर टाकीत डोकं बुडवलं आणि कान पुन्हा वाहायला लागले. ठरलेली तारीख गेली. मामा तिच्यावर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा. मग लक्षात आलं, की ओरडण्याचा आवाज तिला पोचत नव्हता. ती फक्त त्याचं वेडंवाकडं झालेलं तोंड बघत होती. त्याने तोंड मिटलं.

ऑपरेशनची दुसरी तारीख जवळ आली तेव्हा सिस्टरने मामाला बसवून घेतलं. "आता तिला सांगायला हवं. इस्पितळात चार लोक चार तोंडांनी बोलतील. तिला दुसऱ्याकडून कळायला नको. आजाराचं नाव तुमच्या तोंडून कळू दे."

मामाची झोप उडाली. आतापर्यंत गोळी म्हणजे 'ताकदीची गोळी' होती. आजीसमोर, डॉक्टरांसमोर, सिस्टरसमोर त्या आजाराबद्दल बोलायचं झालं की सगळे आवाज खाली आणायचे, दवाखान्यात तर काचेच्या दाराआड जाऊन बोलायचे. आता ते उघडपणे बोलायचं कसं? शेवटी त्याने डेपोतली जागा निवडली. दुपारी गाडी धुवायला लावण्याआधी ती तासभर रिकामी उभी असायची. त्याने टिटवीला आपल्या सीटवर बसवलं, स्टिअरिंगमागे, आणि स्वतः इंजिनच्या झाकणावर बसला, म्हणजे तिला तोंड नीट दिसावं.

"टिटवे, तू जी गोळी घेतेस ना," त्याने सुरुवात केली. "ती कशाची आहे, ते तुला सांगायचंय."

टिटवी स्टिअरिंगवरून बोट फिरवत होती. "एचआयव्हीची," ती म्हणाली.

तिचा आवाज नेहमीप्रमाणे खणखणीत होता. रिकाम्या बसमध्ये तो शब्द मागच्या सीटपर्यंत जाऊन आला. मामाने घाबरून बाहेर बघितलं. बाहेर कुणी नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू आणि सिस्टर काचेमागे बोलता ना. मला दिसतं."

काचेमागे. एवढी वर्षं ते ज्या काचेमागे लपून बोलत होते, तिथे पोर समोरच्या बाकावर बसून सगळं वाचत होती. आवाज जितका हळू करावा तितके ते ओठ जपून हलवायचे आणि तिला तितकंच स्पष्ट दिसायचं.

"कधीपासून माहितीये?"

"पहिलीत होते तेव्हापासून. आईला पण तेच होतं. आईने गोळ्या सोडल्या." ती जरा थांबली. "म्हणून मी नाही सोडत. सर्दी झाल्यावर उलटी झाली तरी परत घेतली होती, आठवतं?"

"मग तू कधी बोलली का नाहीस गं?"

टिटवीला या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "तुम्ही हळू बोलत होता," ती म्हणाली. "म्हणजे मला कळू द्यायचं नव्हतं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मामा इंजिनच्या झाकणावर बसून राहिला. त्याला वाटलं होतं, आपण या पोरीला पदराआड घेतलंय, सगळं ओझं आपल्या डोक्यावर आहे. आणि इकडे ही त्यांना सांभाळत होती. आजीला, त्याला, सिस्टरला. पहिलीपासून. त्याने मान खाली घातली, तर टिटवीने त्याच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं.

"खाली बघून बोलू नको. मला ऐकू येत नाही."

"काही बोललो नाही मी," मामा म्हणाला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशी राहायचं होतं, पण गोळी चुकवायची नव्हती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी घोटभर पाण्याबरोबर परवानगी दिली होती. टिटवीने हिरवा गाऊन घालून, पलंगावर मांडी घालून गोळी घेतली, आणि कप उलटा करून दाखवला. डॉक्टरीणबाईंनी मामाला आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं: कानाच्या वर, कातडीखाली, स्नायूवर एक पातळ पापुद्रा असतो. त्यातला तुकडा काढायचा आणि पडद्याच्या भोकामागे ठेवून द्यायचा.

"तिचाच?"

"तिचाच. बाहेरचं काही नाही."

"आणि शिवायचं कशाने?"

"शिवत नाही. ठेवतो फक्त. खाली आधाराला जरा स्पंजासारखं भरतो, ते आपोआप विरघळतं. पुढचं आमच्या हातात नसतं, मामा. धरायचं की नाही ते शरीर ठरवतं."

हे वाक्य मामाच्या मनात घर करून बसलं. ते शरीर. ज्याच्याबद्दल आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं, ते. ऑपरेशन चाललं असताना तो आणि आजी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि आजी एकाएकी म्हणाली, "ठरवेल. पोरगी हट्टी आहे."

मग डोक्याला पट्टी. शिंकायचं तर तोंड उघडून, नाक शिंकरायचं नाही, उड्या नाहीत. टिटवीला उड्या न मारता ठेवायचं म्हणजे कुकरची शिट्टी हाताने दाबून धरण्यासारखं होतं. पट्टी गेली, कानातला बोळा गेला, आणि पहिले काही दिवस काहीच झालं नाही. "कानात माती भरल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. मामा काही विचारायचा नाही. त्याने पाठीमागून हाक मारणंही सोडलं होतं. नाही ऐकू आलं तर काय, ही भीती.

एका दुपारी आजी धुतलेल्या चादरीची घडी घालत होती. टिटवी खाली बसून गृहपाठ करत होती. तिने पेन्सिल ठेवली आणि इकडेतिकडे बघितलं.

"हे काय वाजतंय?"

"काही नाही वाजत," आजी म्हणाली आणि चादर झटकली.

"हे. आता वाजलं. आता थांबलं."

आजीला कळेना. मामा नुकताच ड्यूटीवरून आला होता, तो दारातच उभा राहिला. त्याने आजीच्या हातातली चादर घेतली आणि टिटवीच्या पाठीमागे जाऊन हळूच झटकली. टिटवी गर्रकन वळली. त्याच्याच दिशेने.

"कपड्याला आवाज असतो?" तिने विचारलं.

"असतो गं."

"पहिल्यापासून?"

त्या संध्याकाळी टिटवीने घरातली एकेक वस्तू हातात घेऊन कानाशी धरली. वहीचं पान उलटलं की वाजतं. पेन्सिल कागदावर चालताना वाजते, आणि गोल काढताना वेगळी वाजते, रेघ ओढताना वेगळी. आजी चालते तेव्हा तिचे पाय जमिनीला घासतात. गोळ्यांची डबी हलवली की आत खुळखुळतं. हे तर तिला इतकं आवडलं की आजीने डबी काढून घेतली. केसांतून हात फिरवला तरी वाजतं. डोळे मिटून ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि मामाला म्हणायची, "काहीतरी कर." मामा शर्टाचं बटण काढायचा, किल्ली ठेवायचा, गाल खाजवायचा. ती डोळे न उघडता सांगायची. आणि मामा, जो रोज हजारो आवाजांतून गाडी हाकत होता, त्याने त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं की दाढीच्या खुंटांवरून बोट फिरवलं तर किती मोठा आवाज होतो. हे सगळं इतकी वर्षं चाललेलं होतं. त्यांच्या भोवती, फुकट, न थांबता.

आणि हळूहळू टिटवीचा आवाज उतरला. स्वतःचा आवाज तिला आता ऐकू येत होता, आणि तो फार मोठा आहे असं तिचं मत पडलं. ती इतकी हळू बोलायला लागली की पंचाईत मामाचीच झाली. "काय म्हणालीस?" तो सारखा विचारायला लागला. वर्षानुवर्षं इंजिनशेजारी बसून त्याचा डावा कान मंद झाला होता, हे टिटवीच्या ओरडण्यात कधी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मामा, तूही तपासून घे," ती त्याच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली. "पण खुर्ची भिंतीकडे कर हं. नाहीतर तू खांदा बघशील."

टिटवीच्या उजव्या कानाचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं पुढच्या वर्षी करायचं ठरलं. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी नीट भरलंय का बघायला बोलावलं. बाहेर नेहमीसारखी गर्दी होती. टिटवी आडवी झाली, कॅमेरा आत गेला, आणि भिंतीवर ती गुहा दिसली. पण आता ती कोरडी होती, फिकट गुलाबी. मामाने भोक शोधलं. भोक नव्हतं. त्या जागी एक पांढुरका, किंचित अर्धपारदर्शक पडदा होता, आणि त्यावर, कडेकडून मध्याकडे, केसापेक्षा बारीक लाल रेषा आल्या होत्या.

"या रेषा कसल्या?" त्याला वाटलं, काहीतरी बिघडलंय.

"रक्तवाहिन्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी हे हजारदा बघितलं असेल, पण बोलताना त्यांचा आवाज बदलला. "आम्ही तुकडा ठेवला तेव्हा त्यात रक्त नव्हतं. हे तिच्या शरीराने स्वतः नेलंय. आपला म्हटलंय त्याला."

मामा बघत राहिला. त्याला बहीण आठवली, त्या शेवटच्या दिवसांतली, आणि पांघरुणासारखी हलकी ती पोर आठवली. ज्या रक्ताबद्दल बोलायला ते काचेआड जायचे, त्याच रक्ताने वाट काढत या कोपऱ्यापर्यंत येऊन, कुणी न सांगता, कुणी न दाखवता, हे एवढं नाजूक काम केलं होतं. आजी आपल्या चष्म्याची काच पदराने पुसून पुन्हा पुन्हा टीव्हीकडे बघत होती.

"आता गंमत बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाक चिमटीत धर बरं. तोंड मीट. आणि आतल्या आत हळूच फुंक."

टिटवीने नाक दाबलं आणि फुंकलं. टीव्हीवरचा तो पडदा बाहेरच्या बाजूला फुगला, एक श्वासभर तसाच राहिला, आणि परत जागेवर गेला.

"हलला," आजी म्हणाली.

"हलायलाच हवा. जिवंत आहे तो."

"परत कर," मामा म्हणाला.

टिटवीने परत केलं. पडदा फुगला, बारीक लाल रेषा ताणल्या गेल्या, आणि तो खाली बसला. बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला. दार किंचित उघडून कुणीतरी डोकावलं. डॉक्टरीणबाईंनी मागे न बघता हाताने थांबा म्हणून खूण केली आणि कॅमेरा होता तसाच धरून ठेवला.

"अजून एकदा," मामा म्हणाला, आणि टिटवीने नाक धरलं.